सरळ जाणाऱ्या विमानाचा कायदा

शालूताई,

परवा तू गेल्यानंतरच्या जलदान विधीला विहारात पाय ठेवायला जागा नव्हती. एकेक जण उठून दोन शब्द बोलत होता. टेलिफोन खात्यातले तुझे साहेब म्हणाले, शालिनीबाईंनी कोणाची तक्रार कधी उद्यावर टाकली नाही. शेजारच्या काकू म्हणाल्या, आमच्या आजारपणात तिनं महिनाभर डबा पोचवला. दादा, तुझे मिस्टर, हात जोडून बसून राहिले. मी शेवटच्या रांगेत होतो. वाटत होतं, आता कोणीतरी सांगेल की ही बाई लढाऊ विमान काय उडवायची! कोणी सांगितलं नाही. कोणाला ठाऊकच नव्हतं. तुझ्या लेकीनं, प्रज्ञानं मला खुणेनं विचारलं, तुम्ही बोलता का, मामा? मी मानेनंच नाही म्हटलं. विहारातल्या म्हाताऱ्या माणसांपुढे काय सांगणार होतो? ताईनं माझं विमान कितीदा पाडलं त्याला गणती नाही, मी तिचं मोजून पाच वेळा पाडलं, आणि त्या पाचांतलं एक लबाडीचं होतं, हे?

ते लबाडीचं तुला सांगायचं राहिलं. तीन वर्षं राहिलं. मागच्या महिन्यात तेवढ्यासाठी घरी आलो होतो, तरी राहिलं. म्हणून आता लिहायला बसलोय, आणि तुला मधे बोलता येणार नाही याचं वाईट वाटतंय. तुझ्याशी भांडण म्हणजे निम्मं तुझंच असायचं.

कापसाची ती वर्षं तुला आठवतात. बोंडं सडकी, पाऊस नको तेव्हा, आणि लोहाऱ्याच्या आमच्या जिनिंगच्या फाटकातून आत येणाऱ्या गाड्या बोटांवर मोजाव्यात अशा. संक्रांतीपर्यंत मशिनी थंड पडायच्या. मी तिथला फिटर, पण फिट करायला काही नव्हतं. मालकानं मला राखणीला ठेवलं होतं. मशिनींना ग्रीस लाव, पत्रे पाहा, ऑफिसात बस आणि कॉम्प्युटरवर कापसाचा भाव बघून फोनवर सांग. भाव बघायला दोन मिनिटं लागायची आणि बघून कोणाचं भलं होत नव्हतं. उरलेली दुपार मी विमानात काढायचो.

खेळ साधाच होता. जुन्या महायुद्धातली पंख्याची विमानं, जगभरची माणसं, प्रत्येक जण आपापल्या खोलीत बसलेला. मी ‘सरकी’ नाव घेतलं होतं. जिनिंगमध्ये रुई काढून घेतली की उरते ती सरकी, त्या दिवसांत मला ते नाव शोभत होतं. आणि तिथे एक ‘घार’ होती. घार वरून यायची. उन्हात लपून बसायची, मी दुसऱ्या कोणाच्या मागे लागलो की खाली उतरायची आणि माझी शेपटी उडवून पुन्हा वर. मग पडद्यावर एक ओळ यायची: “छान लढलास.” मला त्या ओळीचा गोळीपेक्षा जास्त राग यायचा.

आपली ओळख लोडशेडिंगनं करून दिली. इंदूरचा एक खेळाडू होता, त्यानं एकदा सगळ्यांसमोर लिहिलं, “ही घार आणि ही सरकी रोज बरोबर दोन वाजता एकाच क्षणी गायब होतात. दोघांच्या घरी मीटर एकच आहे का?” लोक हसले. दुसऱ्या दिवशी मला एकट्यालाच दिसेल असा तुझा निरोप आला, “तुह्याकडं बी दोन वाजता जाते काय? लोहारा?” मी लिहिलं, “हाव भाऊ.” भाऊच लिहिलं. चार महिने मी तुला भाऊ म्हणत होतो, आणि तू एकदाही दुरुस्त केलं नाहीस. मला कोणीतरी रिटायर फौजी डोळ्यांसमोर यायचा, मिशीवाला.

मग जिनिंगची लाइन बिघडली. तीन दिवस फोन करून कंटाळलो आणि सरळ टेलिफोन ऑफिसात जाऊन थडकलो. खिडकीशी निळ्या साडीतली एक बाई वायरचं भेंडोळं सोडवत बसली होती. मी तावातावानं म्हणालो, “मॅडम, नेट घडीभर येते न जाते. आमचं काम अडून राह्यलं.”

“कोन्तं काम?” तू मान वर न करता विचारलंस.

“भाव पाहाचं.”

“भाव पाहाले घडीभर नेट पुरते. घडीभरात पुरत नाही असं काय काम हाय?”

तू वर पाहिलंस. “जिनिंगमधून बोलून राह्यला न तू? सरकी तूच काय?”

मी एवढंच म्हटलं, “तुम्ही घार?” आणि तू खिडकीच्या मागे अशी हसलीस की आतले दोन क्लार्क उठून बघायला आले. संध्याकाळच्या आत लाइन सुरू झाली. त्यानंतर मी तुला ताई म्हणायला लागलो, आणि तू मला गजू. तुझ्या घरी येऊन पाहिलं तर तुझी विमान चालवायची काठी, जॉयस्टिक, तू जुन्या रेडिओच्या पेटीवर स्वतः बसवलेली, आणि प्रज्ञा दहावीचा अभ्यास त्याच टेबलाच्या दुसऱ्या कोपऱ्यावर करतेय. आई कशात गुंतलीय याचं त्या पोरीला काही वाटतच नव्हतं.

कायदा तूच केलास. लाइट गेली की खेळाडू जातो, पण त्याचं विमान लगेच जात नाही. खेळ मिनिटभर त्याची वाट पाहतो. तेवढा वेळ विमान नाकासमोर सरळ चालत राहतं, वळत नाही, चुकवत नाही, आणि मग पुसलं जातं. त्या मिनिटात ज्याला वाटेल तो मागून येऊन त्याला फुकटात पाडू शकतो. सगळे पाडायचे. मीही पाडायचो. तू एक दिवस सगळ्यांसाठी लिहिलंस, “आमच्याकडं लाइट जाते. सरळ जाणाऱ्या विमानाले मारू नका. त्याच्या बाजूले जा, पंख सपाट ठेवा, तीस मोजा. वळलं तर लढा. नाही वळलं तर त्याले जाऊ द्या.”

आधी टिंगल झाली. मग हळूहळू लोक पाळायला लागले, आणि कोणाचं विमान सरळ जायला लागलं की कुठल्या कुठल्या देशांतली माणसं इंग्रजी अक्षरांत लिहायची, यवतमाळ, यवतमाळ. आपल्या गावाचं नाव पेपरात येतं ते कशासाठी, हे काय तुला सांगायचं. इथे ते वेगळ्या कारणानं येत होतं. मला छाती फुगल्यासारखं वाटायचं.

अर्थात, ठकही निघाले. तो एक होता, तुझ्यासमोर मुद्दाम सरळ जायचा, तू बाजूला येऊन पंख सपाट केलेस की वळून तुला पाडायचा. एका आठवड्यात तीनदा. मी चिडून फोन केला.

“ताई, तो तुले येडी बनवून राह्यला.”

“माहीत हाय मले.”

“मंग मारत काहून नाही त्याले?”

“चवथ्यांदा त्याची लाइट खरंच गेली असन तं?”

“गेली तं गेली! खेळ हाय.”

“म्हणूनच तं,” तू म्हणालीस. “खेळातबी नाही जमलं, तं मंग कुठं जमन?”

मी लगेच विषय बदलला आणि तुला भित्री म्हटलं. कारण तू समोरासमोर कधी यायची नाहीस. दोन विमानं नाकाला नाक लावून, गोळ्या झाडत, जो आधी वळेल तो हरला, हे मला फार आवडायचं. तू ऐन वेळी पंख तिरपा करून खालून निसटायचीस. “समोरासमोर यायले काय अक्कल लागते? दोन बैल बी येतात,” हे तुझं म्हणणं. माझं म्हणणं, जोखीम घ्यायची तर अशी घ्यावी. तुझं म्हणणं, ती जोखीम नाही, तो नुसता आंधळेपणा. ठकाच्या बाजूला पंख सपाट करून उभं राहणं, तो फसवेल हे ठाऊक असताना, ती खरी जोखीम. या भांडणाचा निकाल कधीच लागला नाही. आपण चहा पिता पिता तेच तेच बोलायचो आणि दादा पेपरामागून म्हणायचे, “तुमचे दोघांचे विमानं चहात पडतीन.”

आता ते सांगतो.

त्या वर्षी खेळाडूंनी आपापसात स्पर्धा भरवली. बक्षीस काही नाही, जो जिंकेल त्याचं नाव वर्षभर यादीच्या डोक्यावर. शेवटी दोघं उरले, घार आणि सरकी. त्या हंगामात जिनिंग उघडलंच नव्हतं. बोरी अरबला घरी गेलो की भाऊ विचारायचा, काय चाललंय, आणि मी म्हणायचो, पाहू. वर्षभरात माझ्या हातून एक गोष्ट नीट झाली नव्हती. मला काहीतरी जिंकायचं होतं, ताई. काहीही.

रविवार, सकाळचे अकरा. आकाशात आपण दोघंच. मालकानं थोड्याच दिवसांपूर्वी ऑफिसच्या कॉम्प्युटरला बॅटरी बसवून घेतली होती, लाइट गेली तरी तो चालू राहायचा. तुझ्याकडे तशी काही सोय नाही, हे मला माहीत होतं. दहा मिनिटं आपण एकमेकांभोवती घिरट्या घातल्या. तू वर, मी खाली, नेहमीसारखं. मग माझ्या डोक्यावरचा पंखा मंदावला. ट्यूब विझली आणि लगेच पुन्हा लागली. लाइट क्षणभर गेली होती. मी पडद्यावर पाहिलं, तर तुझं विमान सरळ चाललं होतं.

मला सगळं उमगलं, किंवा तसं वाटलं. आपल्या दोघांची लाइट एकच. माझा कॉम्प्युटर बॅटरीवर तगला, तुझा बंद पडला. आता लाइट आली असली तरी तुझा तो जुना डबा पुन्हा सुरू व्हायला चार-पाच मिनिटं लागतात. म्हणजे तू विमानात नाहीस.

मी मोजायला लागलो. खरंच लागलो होतो. एक, दोन, तीन. वीसपर्यंत गेलो. बाविसाला तुझं विमान झटका खाऊन जागचं हललं आणि एकदम माझ्या पुढ्यात, थोडं उजवीकडे, हात लावावा इतक्या जवळ दिसलं. नेटचा झटका, मी म्हटलं. पंख सपाट. सरळ. चोविसाला मी गोळी झाडली.

तू पडलीस. पाच मिनिटांनी तुझी ओळ आली, “छान. अभिनंदन.” मी मनात म्हटलं, आत्ता तिचा कॉम्प्युटर सुरू झाला. संध्याकाळी फोन करून मी सांगितलं, “ताई, मले वाटलं तू वळशीन.” खोटं. तू म्हणालीस, “असू दे. पेढे कवा देतं?”

सोमवारी तू ड्यूटीवर जाताना जिनिंगवर आलीस. स्कुटीच्या डिकीतून वायर आणि काळी टेप काढलीस आणि विचारलंस, “मोडेम कुठं हाय तुह्यावाला?” तो कपाटामागे होता. तू कपाट सरकवायला लावलंस, मोडेमची पिन भिंतीतून काढून बॅटरीच्या डब्यात घातलीस, टेप गुंडाळलीस. हात झटकत म्हणालीस, “याले बी बॅटरीवर ठेवत जा, गजू. कॉम्प्युटर चालू राह्यते न लाइन तुटते. मंग माणसाले वाटते, समोरच्याचंच गेलं.”

मी म्हटलं, हाव. मला एकाच गोष्टीचं हायसं वाटलं होतं, की तू कालचा विषय काढला नाहीस. पेढे दिले. तू दोन खाल्लेस.

त्यानंतर आपण तीन वर्षं खेळलो आणि मी सरळ जाणाऱ्या एकाही विमानाला हात लावला नाही. पण दरवेळी तीस मोजताना चोविसाला अडखळायचो. मला वाटायचं, हिची लाइट गेलेली असताना आपण हिला मारलं आणि हिला ते माहीत आहे. मग वाटायचं, नसेलही माहीत. कबूल करावं, तर तू काय म्हणशील याची भीती. रागावली असतीस तर चाललं असतं. तू पुन्हा “असू दे” म्हणशील, याची धास्ती होती.

मागच्या महिन्यात प्रज्ञाचा फोन आला की डॉक्टरांनी आईला घरी पाठवलंय. दुपारी आलो. तू खाटेवर उशीला टेकून बसलेली, हात काडीसारखे झालेले. मी सगळं ठरवून आलो होतो, पहिलं वाक्यसुद्धा. तू म्हणालीस, “बरा आला. त्या काठीची स्प्रिंग ढिली झाली, पाहून दे.” मी पाऊण तास ती स्प्रिंग पाहत बसलो. फिटर माणूस, पाऊण मिनिटाचं काम. तू डोळे मिटून बोलत होतीस, कोण अजून खेळतं, इंदूरवाला कसा आहे. स्प्रिंग बसली. मी काठी तुझ्या हातात दिली, तू डावीकडे-उजवीकडे हलवून पाहिलीस आणि म्हणालीस, “मस्त झाली.” मी उठलो. दारात तू म्हणालीस, “येत जा रे.” मी म्हटलं, येतो. पुन्हा आलो तो अंत्ययात्रेला.

काल प्रज्ञानं बोलावलं. कॉम्प्युटर कोणाला तरी द्यायचाय, आईनं त्यात लढतींची रेकॉर्डिंगं ठेवलीत, एकाला तुमचं नाव दिलंय, पाहून घ्या. दादाही खुर्ची ओढून बसले. मी पाहिलं आणि ओळखलं. तो रविवार. तुझ्या विमानातून दिसणारा.

घिरट्या झाल्या. मग तुझ्या पडद्यावर माझं विमान सरळ जायला लागलं.

माझं, ताई. तुझं नाही. मी दादांना विचारलं, त्या वेळी घरी लाइट गेली नव्हती का? ते म्हणाले, “गेलती न. पण मी चारच दिवसांआधी इन्व्हर्टर बसवलता. तिले कळलंबी नाही.” तुझं सगळं चालू होतं. माझा कॉम्प्युटर चालू होता, पण कपाटामागचा मोडेम भिंतीतल्या पिनेवर होता. तो बंद पडला आणि लाइन तुटली. तुटलेल्या लाइनवर माझ्या पडद्याला तुझी काही खबर नव्हती, म्हणून तो तुला सरळच दाखवत राहिला.

तू वरून माझ्या मागे येत होतीस, गोळी झाडायच्या बेतात. माझं विमान सरळ झालेलं पाहिलंस आणि बाजूला झालीस. खाली उतरलीस, माझ्या उजव्या हाताला आलीस, जरा पुढे, पंख सपाट. आणि टाइप करायला काठीवरचा हात काढलास, म्हणून तुझंही विमान सरळ. दोन्ही विमानं शेजारी शेजारी चाललेली. खाली फक्त मला दिसावा म्हणून लिहिलेला निरोप उमटला, “गजू, लाइट गेली काय?” थोड्या वेळानं दुसरा, “असू दे. थांबते मी.”

माझ्यापर्यंत यातली एकही ओळ पोचली नव्हती. माझी लाइन आली, माझं विमान थोडं उजवीकडे सरकलं, तुझ्या मागे आलं, आणि त्यानं गोळी झाडली. प्रज्ञा म्हणाली, “अरे! मामा, हे तुम्ही?”

रेकॉर्डिंग तिथे संपलं नाही. तुझं विमान पडल्यावर रिकामं आकाश पाच मिनिटं तसंच चालू राहिलं. तुझा कॉम्प्युटर बंद नव्हता. तू तिथेच बसली होतीस. त्या पाच मिनिटांत तू काय केलंस, ताई? शिव्या दिल्यास? पाणी प्यायला उठलीस? मी जन्मभर विचारत राहीन. पाच मिनिटांनी ओळ उमटली, “छान. अभिनंदन.” आणि दुसऱ्या दिवशी तू वायर घेऊन आलीस आणि मला शब्दन् शब्द सांगून गेलीस, आणि मी पेढ्यांचा पुडा पुढे केला.

तू ठकाला तीनदा सोडलंस तेव्हा मी तुला हसलो होतो. चौथ्या वेळचा ठक मीच निघालो, आणि माझी लाइट खरंच गेली होती.

आज दुपारी जिनिंगमध्ये आलो. कपाट सरकवलं. तुझी काळी टेप अजून तशीच आहे, फक्त धूळ बसलीय, ती पुसली. खेळ उघडला. यादीत ‘घार’ हे नाव आहे आणि त्याच्यापुढे निरोप लिहायची चौकट अजून उघडते. तुझा प्रश्न तीन वर्षांपासून उत्तरावाचून पडून होता. मी लिहिलं:

“हाव ताई, गेलती. माहीच गेलती. मले वाटलं तुही गेली, न तरीबी मी गोळी झाडली.”

मग तीसपर्यंत मोजत बसलो. या वेळी पूर्ण मोजले.